काकवी लावलेला बेल्ट

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या धंद्याच्या आठवणी लिहा, अगदी पहिल्यापासून लिहा." पहिल्यापासून कशाला? मी शाळेत कितवीला गटांगळी खाल्ली, शिरोली एमआयडीसीत कुठल्या शेडमध्ये पाने घासत होतो, मंगळवार पेठेत गॅरेज कसं टाकलं, हे वाचून कुणाची चकली खुसखुशीत होणार आहे? त्यापेक्षा मी बेल्टाविषयी लिहितो. आयुष्यभर इंजिनं उघडली, गिअरबॉक्स उतरवले, पण माणसाची अक्कल किती खोल आहे हे मला गाडीच्या बेल्टानं दाखवलं.

ज्यांना गाडीतला फक्त हॉर्न कळतो, आणि कोल्हापुरात अशीच मंडळी जास्त, त्यांच्यासाठी आधी सांगतो. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक काळा रबरी पट्टा दोन-तीन चाकांवरून फिरताना दिसतो. तोच बेल्ट. इंजिन खालचं मोठं चाक फिरवतं आणि त्या चाकाच्या जोरावर बेल्ट वरची चाकं फिरवतो. एक चाक अल्टरनेटरचं, त्याच्यावर बॅटरी भरते. दुसरं पाण्याच्या पंपाचं, तो इंजिनात पाणी खेळवून ते थंड ठेवतो. बेल्ट तुटला की आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, मग तापमानाचा काटा चढायला लागतो. तरीही तुम्ही "पुढच्या गावापतोर जाईल की" म्हणत गाडी दामटलीत, तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा ठोकळा, वाकतं आणि मग माझ्यासारख्याच्या दारात येऊन तुम्ही रडत बसता.

ह्या बेल्टाला ताण किती द्यायचा, ही सगळी गोम आहे. सैल राहिला तर चाकावर घसरतो आणि सकाळी गाडी चालू केली की डुक्कर धरल्यागत केकाटतो. फार ताणला तर केकाटत नाही, म्हणून मालक खूष होतो. पण तो सगळा ताण पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगवर, म्हणजे दांडा ज्या गोळ्यांवर फिरतो त्यांच्यावर, येतो आणि ती आतल्या आत खलास होत जाते. योग्य ताण ओळखायची रीत सोपी आहे. दोन चाकांमधला बेल्टाचा जो लांब भाग असतो, तो मधोमध अंगठ्यानं दाबायचा. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा आत गेला पाहिजे. नवा बेल्ट घातला की थोडा वेळ इंजिन चालवायचं आणि पुन्हा दाबून बघायचं, कारण नवा बेल्ट पहिल्या फिरण्यात जरा ढिला पडतो. संपलं. ह्यात न कळण्यासारखं काय आहे?

पण आमच्या कोल्हापूरला सैल हा शब्दच सोसत नाही. लंगोट आवळलेला, फेटा आवळलेला, मिशीला पीळ. त्यात मी बेल्ट दाबून दाखवला की गिऱ्हाईक असं बघतं, जणू भर चौकात मी त्याच्या घराण्याची इज्जत काढली. "मिस्त्री, आवळा की जरा अजून!" हे वाक्य मी इतकं ऐकलंय, की उद्या माझी तिरडी बांधतानाही कुणीतरी हेच म्हणेल.

एक पावणं कागलच्या बाजूनं लग्नाचं वऱ्हाड घेऊन येत होतं. वाटेत बेल्ट तुटला. कापडाचा पीळ घालून बांधला तर गाडी चालते, असं त्यानं कुठंतरी मोबाईलवर बघितलं होतं. पठ्ठ्यानं डोक्यावरचा गुलाबी फेटा सोडला, पीळ घातला आणि चाकांवर गाठ मारली. गाडी चालू केल्याबरोबर पंख्यानं फेटा ओढून घेतला आणि त्याचा भुगा केला. मी चिमट्यानं गुलाबी चिंध्या उपसत बसलोय, आणि हे येडं शेजारी उभं राहून वऱ्हाडाला सांगतंय, "फेटा जरा हलका व्हता, न्हायतर आरामात पोचलो असतो."

दुसरा एक होता, बेल्टाचा आवाज बंद व्हावा म्हणून त्याच्यावर तेलाचा फवारा मारून आला. आवाज बंद झाला, आणि बेल्ट असा घसरायला लागला की बॅटरीच बसली. मी त्याला म्हटलं, "घरात जिन्यालाबी साबण लावत जावा, पायऱ्या वाजायच्या न्हाईत." तो रागावून गेला आणि दुपारी त्याच गाडीला धक्का मारत परत आला.

ह्या सगळ्यांना मी तोंडावर बोललो. माझं गॅरेज त्याबद्दलच नावाजलेलं होतं. माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून लोक चार दिवस दुसरीकडं जायचे आणि तिथं काम बिघडलं की मान खाली घालून यायचे. मला त्याचा गर्व होता, अजून आहे. एकाच माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटली. तो माणूस म्हणजे माझा व्याही.

माझी मुलगी वैशाली गारगोटीच्या अलीकडच्या एका गावात दिली आहे. जावई दीपक शाळेत क्लार्क आहे, गरीब गाय. त्याच्या वडलांना घरदार आणि सगळं गाव आबा म्हणतं. आबांचं उसाचं गुऱ्हाळ आहे, वाडवडलांपासून चालत आलेलं. गुऱ्हाळात ऊस पिळायचा चरक असतो आणि तो फिरवायला इंजिनापासून चरकापर्यंत एक लांबलचक रुंद पट्टा जातो. हा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावतात, आणि ढिला पडला की दोन माणसं पहारी लावून इंजिन मागं ढकलतात आणि पट्टा ताणतात. तिथं ते बरोबरच आहे. तिथल्या बेअरिंगा माणसाच्या डोक्याएवढ्या असतात. आबांचं म्हणणं, पट्टा तो पट्टा, मग तो चरकाचा असो नाहीतर गाडीचा.

त्यांच्याकडं सात माणसं बसणारी एक जुनी डिझेल गाडी आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मंडळी त्याच गाडीतून आमच्याकडं आली. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि मी इंजिनाचा आवाज ऐकला. केकाटत नव्हती, घुमत होती. आत कुणीतरी दात खाऊन कण्हावं तसं. मी हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि हळूच जाऊन बॉनेट उघडलं. बघतो तर आत मुंग्या! बंपरपासून वर अल्टरनेटरपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागलेली. बेल्ट चिकट, चाकांच्या खाचांत काळं किटण बसलेलं. मी बोट लावून वास घेतला. काकवी होती ती. उसाचा रस आटवताना गुळाच्या आधी जी होते ती काकवी, जी आपण भाकरीबरोबर खातो.

आबा मागं येऊन उभे राहिले होते. "राळ संपली व्हती," ते म्हणाले. "काकवी बी चिकाटच की. आवाज बंद झाला बगा."

दुसरं कुणी असतं तर मी त्याला त्या मुंग्यांसकट गल्लीबाहेर काढला असता. पण मुलीच्या बापानं व्याह्याला उलट बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. बापाच्या तोंडातला शब्द मुलीला सासरी भाकरीबरोबर खावा लागतो. मी नुसता हसलो. कसला हसलो, ते माझं मला माहीत. चाकं रॉकेलनं घासून काढली, नवा बेल्ट घातला, अर्ध्या पेराएवढा दाब ठेवला आणि आबांना गोडीत सांगितलं, "पावणं, ह्याला काय लावू नका, आणि एवढाच असू द्या."

आबांनी अंगठ्यानं दाबून बघितला. "सैल सोडलाय की!"

"एवढाच लागतोय."

"तुमी शेरातली मानसं," ते माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "हाताला जोर न्हाय तुमच्या." आणि ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ते ऐकवलं. मी घरात जाऊन पाण्याचे दोन तांबे रिचवले.

पुढं वैशालीच्या फोनवरनं कळायचं. आबा बाजाराला निघायच्या आधी बॉनेट उघडतात, पहार अडकवतात आणि बेल्ट ताणतात. दीपकनं एकदा सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "तुझा सासरा गॅरेजवाला, त्यो गाडी बिघडायचंच बगणार." हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गप्प बसलो. बायको शालन म्हणाली, "त्यांची गाडी, त्यांचं नशीब. तुमचं काय जातंय?" तेव्हा काही जात नव्हतं, हे खरं.

मग वैशालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण करून तिला कोल्हापूरला आणायचं ठरलं. मी आणि शालन तिला आणायला गेलो. भर उन्हाळा, डांबर पाघळत होतं. अंगणात मांडव, बायका ओटी भरत होत्या, जेवणाचा थाट काय विचारू नका. आबांनी हौसेला काही कमी केलं नव्हतं, हे कबूल करायला पाहिजे. गाडी दारात पुसून उभी होती, पुढं झेंडूची माळ. "सून आमच्या गाडीतनं जाणार, ऐटीत," आबा सगळ्यांना सांगत होते.

मी सवयीनं बॉनेट उघडलं. बेल्ट वाजवून बघितला तर तारेगत वाजला. अंगठ्यानं दाबला, तसूभर हलला नाही. काकवीचा नवा थर बसलेला. पंपाचं चाक धरून हलवलं, तर ते दातागत हलत होतं, आणि पंपाच्या खालच्या भोकातून पाणी थेंब थेंब गळत होतं. हे भोक त्यासाठीच असतं. तिथनं पाणी यायला लागलं की पंपाची बेअरिंग चालली असं समजायचं. ती कधी अडकेल सांगता येत नाही. अडकली की बेल्ट जळणार, पाणी उकळणार, आणि गारगोटी ते कोल्हापूरच्या वाटेत, जिथं सावली नाही आणि माणूस नाही अशा ठिकाणी, माझी सात महिन्यांची पोटुशी पोरगी ह्या माणसाच्या हौसेपायी उन्हात उभी राहणार.

मी आधी बाजूला घेऊन सांगितलं. "पावणं, पंप गेलाय. आज ही गाडी नको."

"कालच बाजाराला जाऊन आलोय की."

"वाटंत अडकंल."

"काय न्हाय हुईत," आबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पोरीचा बाप हाय, जीव खालवर हुतोय बिचाऱ्याचा."

मांडवात बायका हसल्या. आणि तिथं माझा बांध फुटला. "माझी पोरगी ह्या गाडीत बसणार न्हाय!"

"तुमची पोरगी? आमची सून हाय ती."

"मग सुनंला तरी जपा की! गुऱ्हाळाचा पट्टा वेगळा, ह्यो वेगळा, ह्ये कवा कळायचं तुमास्नी? एवढा ताणलाय, धोतरं वाळत घालणार हाय काय त्याच्यावर? आन् वर काकवी! उद्या दोन भाकरी बी टाका इंजिनावर, न्याहारी हुईल मुंग्यांची!"

ओटीची ताटं हातात घेऊन बायका जागच्या जागी थांबल्या. आबांचा चेहरा लालबुंद झाला. गावात त्यांच्याशी असं कुणी बोललेलं नव्हतं, आणि बोललं कोण, तर मुलीचा बाप, त्यांच्याच अंगणात.

"ऐका पावणं," ते म्हणाले, "सून परत ईल ती ह्याच गाडीतनं ईल. ह्या गाडीत बसायचं नसंल तर ठेवा तुमच्याकडंच."

"बेल्ट नीट हुईपतोर बसणार न्हाय," मी म्हणालो. "माझा बी शबूद हाय."

वैशाली पदरात ओटी घेऊन पाटावर बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सासऱ्यांकडं. विहीणबाईंनी डोळ्याला पदर लावला.

शेवटी दीपकनं शाळेतल्या एका मास्तरांची गाडी मागून आणली आणि आम्ही निघालो. निघताना आबा आणि त्यांची गाडी दारात नव्हती, म्हणून सगळी वाट मी रस्त्याच्या कडेला बघत होतो, की ती कुठं तरी पडलेली दिसेल. कसली दिसतेय? मंगळवार पेठेत आमच्या दारात पोचलो तर आबांची गाडी आधीच येऊन उभी! आम्ही मास्तरांच्या गाडीची वाट बघत बसलो होतो तेवढ्यात हा माणूस दुसऱ्या वाटेनं एकटाच पुढं निघून आला होता, मला दाखवायला. ओट्यावर ऐसपैस बसून मिशीवर हात फिरवत होता.

"काय पावणं? तुटला काय बेल्ट?"

ह्या धंद्यात सगळ्यात मोठा अपमान हाच असतो. तुमचं निदान बरोबर असतं आणि गाडी चालत राहते. बेअरिंग मरायला लागली की ती तुमच्या सोयीनं मरत नाही. बाजाराला जाते, देवाला जाते, सोयऱ्याच्या दारात ऐटीत उभी राहते, आणि तुम्ही खोटे पडता. आबांनी पाणी घेतलं, चहाला नाही म्हणाले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि घुमणारी गाडी घेऊन निघून गेले. गल्लीतले चार शहाणे मला म्हणाले, "मिस्त्री, गाडी तर झकास चालतीया की!" ह्यातल्या एकालाही अल्टरनेटर आणि भोपळा ह्यांतला फरक कळत नव्हता.

वैशालीला मुलगी झाली. गोरीपान, नाक माझ्या आईवर. बारशाला आबा आले, त्याच गाडीतून. बाळाच्या अंगावर घालायला झबली-टोपडी आणली, नातीला मांडीवर घेऊन तासभर बसले, माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. गाडी गेली तेव्हा रस्त्यावर पाण्याचा ओला डाग राहिला होता. मी तो दीपकला दाखवला. तो म्हणाला, "आप्पा, दिसतंय मला. रोज सकाळी मी पाणी भरतोय त्यात. पण आबांना सांगायचं कुणी?"

आमच्यात रीत अशी, की बाळंतिणीला न्यायला सासरचं वडीलधारं माणूस येतं. ते आल्याशिवाय ती घरातून हलत नाही. दीपक दर रविवारी यायचा, बाळाला खेळवायचा आणि संध्याकाळी एकटा परत जायचा. आबांचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. बाळ उपडं पडायला लागलं, आवाज काढायला लागलं, तरी न्यायला कुणी येईना. शेजारपाजारच्या बायका विचारायला लागल्या. त्यांच्या विचारण्यातही काळजी किती आणि चव किती, हे मला कळत होतं.

शालन म्हणाली, "जावा आणि हात जोडा एकदा. काय झिजणार हाय तुमचं?"

"मी खोटं काय बोललो?"

"खरं बोलून पोरगी घरात बसली की हो!"

वैशालीनं तर मला आणि सासऱ्यांना एकाच मापात मोजलं. "त्यांना पट्टा सोडवंना, तुम्हाला हेका सोडवंना. एका रबराच्या तुकड्यापायी माझं लेकरू आजोळात शाळेला जाईल," ती म्हणाली. एकदा मी बघितलं, तिनं बाळाची कापडं पिशवीत भरली, थोडा वेळ पिशवीजवळ बसली आणि मग एकेक कापड काढून पुन्हा फळीवर ठेवलं. रात्रभर डोळा लागला नाही. तरी मी गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो, की काकवी चालते? पंप गळतोय तो गळू द्या, पोरगी बसवा? माझ्या तोंडातून ते निघालंच नसतं.

आणि मग एका सकाळी गल्लीत ट्रॅक्टरचा धडधडाट आला. उसाच्या फडावरचा ट्रॅक्टर, त्याला सोल, म्हणजे जाड दोर, बांधलेला, आणि सोलाच्या दुसऱ्या टोकाला आबांची गाडी. स्टेअरिंगवर आबा, शेजारी विहीणबाई. सगळी गल्ली दारात येऊन उभी. आबा खाली उतरले, धोतर झटकलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सुनंला न्यायाला आलोय. ह्याच गाडीतनं."

गप्प बसायला मी काय साधुपुरुष आहे? "मग बसवा की," मी म्हटलं. "म्होरं कुणाला बसवताय, ट्रॅक्टरला का दोराला?"

आबा दोराची गाठ सोडायला वाकले. बोलल्या विहीणबाई. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं. "मीच म्हटलं ह्यास्नी, आज न्यायला येत नसशीला तर मी यष्टीनं जाऊन घिऊन येतो नातीला. म्हनून निगालाव. आन् शेराच्या तोंडाशी आल्यावर ह्ये फाटकन तुटलं. बरं झालं! सुटलाव एकदाचं!" मग त्या तडक घरात गेल्या आणि बाळाला उचलून मुके घ्यायला लागल्या.

मी बॉनेट उघडलं. पंपाची बेअरिंग अडकून बसलेली, बेल्ट जळून दोऱ्या दोऱ्या झालेला, सगळीकडं करपलेल्या काकवीचा वास. एक गोष्ट मात्र आबांनी नीट केली होती. काटा चढल्याबरोबर गाडी थांबवली होती, त्यामुळं हेड वाचलं होतं. बायको शेजारी बसली असली की माणसाला थांबायचं सुचतं.

मी कामाला लागलो. आबा शेजारी उभे. जुना पंप उतरवला आणि त्याचं चाक त्यांच्या हातात दिलं. "फिरवा." त्यांनी जोर लावला. खर्र करून अर्धं फिरलं आणि अडलं.

"कशानं गेलं ह्ये?"

"तुमच्या जोरानं."

"गुऱ्हाळात असं हुईत न्हाय."

मी बेअरिंग फोडून आतली एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडीशी मोठी. "गुऱ्हाळातली गोळी लिंबाएवढी असतीया. ही एवढी. हिच्यावर पहार घालताय तुमी." आबांनी ती गोळी चिमटीत धरून उजेडात बघितली. मग खिशात टाकली. कशाला टाकली, त्यांनाच माहीत.

नवा पंप बसवला. खाचा घासल्या. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून तो आत ढकलला, नवा बेल्ट हातानं चाकांवर चढवला, मग अल्टरनेटर हलकेच बाहेर ओढून बोल्ट आवळला. इंजिन चालवलं, बंद केलं, पुन्हा ताण घेतला. मग आबांचा हात धरला आणि त्यांचा अंगठा बेल्टावर ठेवला.

"दाबा."

त्यांनी दाबला. अर्धं पेर आत गेला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सैल हाय," ते म्हणाले.

"हाय. असाच ऱ्हाऊ दे."

त्यांनी आणखी एकदा दाबून बघितला. मग घराकडं तोंड करून ओरडले, "वैशाली! आवर बाळाचं. गाडी तुझ्या बापानं नीट केलीया." त्यांनी माझी माफी मागितली नाही. मी त्यांच्या पाया पडलो नाही. पण गाडी तीच होती आणि बेल्ट नीट होता, त्यामुळं दोघांचाही शब्द राहिला, आणि गल्लीतल्या शहाण्यांना बोलायला काही उरलं नाही.

निघताना मी डिकीतली पहार बाहेर काढून भिंतीला टेकवली. आबांनी ती उचलून पुन्हा आत टाकली. "गुऱ्हाळाला लागती," म्हणाले. मला काय कळत नाही होय? पण वैशाली बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली होती, शालन खिडकीतून तिचा हात धरून रडत होती, आणि मी म्हटलं, जाऊ दे. गाडी गल्लीतून वळली तेव्हा घुमत नव्हती, केकाटत नव्हती. कान लावून ऐकत मी तिथंच उभा राहिलो.

दिवस मावळायच्या सुमारास मी फोन केला. वैशालीनं उचलला.

"पोचलो आप्पा, मघाच. काय त्रास झाला न्हाय."

"आबा कुठं हायत?"

"गाडीपाशी."

"काय करायलेत?"

"बॉनेट उघडलंय. पहार घेऊन उभं ऱ्हायलेलं."

"आणि?" माझा आवाज चढला. "आणि, बोल की!"

"आणि काय? जाऊन बाळ दिलं त्यांच्या हातात. म्हटलं, मला पाणी तापवायचंय, जरा धरा. पहार पडलीया खाली. दोन्ही हात गुंतलेत आता."

फोनमधून मला बाळाचा आवाज आला, आणि त्याच्यामागून आबांचा, लाडात आलेला, नातीला इंजिन दाखवणारा. "ह्यो बग, ह्यो पट्टा. बगितलास? तुझ्या आजानं सैल सोडलाय गं त्यो."

"वैशाली," मी म्हटलं, "बाळाला एवढ्यात त्यांच्या हातातनं घेऊ नको."